इमामचाचांचे रिकामे खड्डे

इमामचाचा मुलाणी कुणालाही भेटले की आधी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत आणि मगच बोलायला सुरुवात करत. बहात्तर साली दसऱ्याच्या सुमारास मी पाथर्डी तालुक्यातल्या एका गावी ग्रामसेविका म्हणून रुजू झाले. एस.टी.तून उतरल्यावर पहिली गाठ त्यांचीच पडली. मी पंचायतीचं ऑफिस कुठे ते विचारलं. त्यांनी मला नीट पाहून घेतलं आणि समाधानाने मान हलवली.

"साडेतीन हात," ते म्हणाले. "द्या ती ट्रंक इकडं."

हे माप कशाचं, ते मला आठवडाभराने कळलं. चाचा गावच्या कबरस्तानची राखण करत आणि कबरी खोदत. मी जाब विचारायला गेले, तर म्हणाले, "शिंप्यानं अंगाकडं बघितलं तर राग येतो का, बाई? नजरंला सवय लागती. तुमी तरन्याताठ्या हाय, तुमचं माप काय मी जपून ठेवनार न्हाई."

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. दिवाळीपर्यंत विहिरींचे तळ दिसू लागले आणि गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं. कामावर सुकडी, म्हणजे सरकारकडून येणारं पौष्टिक खाणं, वाटायची, लहान मुलांची नोंद ठेवायची, आजारी कोण ते पाहायचं, ही माझ्याकडची कामं. मला याद्या करायला मुळातच आवडतं, त्यामुळे मी खूश होते. एके सकाळी तलावाकडे जाताना कबरस्तानच्या बाजूला पाहिलं, तर चाचा घामाघूम होऊन खणत होते. खोदलेल्या खड्ड्यांची एक रांगच तयार झाली होती.

"कोण गेलं?" मी विचारलं.

"कोन न्हाई. अजून."

मी खड्ड्यांकडे पुन्हा पाहिलं. बहुतेक लहान होते.

"दुष्काळात आधी लहानं जात्यात," चाचा कुदळीवर हात टेकून म्हणाले. "माझा आजा मोठ्या दुष्काळात पोरगा हुता. त्याची आई गेली तवा गावात कुदळ उचलनारा एक मानूस उरला न्हवता. कुत्र्यांनी... जाऊ द्या. तवापासनं आमच्या घरचा दंडक हाय. दुष्काळ दिसला की अंगात दम हाय तवर खंदून ठेवायचं. उपाशी मानसाकडनं कबर खंदली जात न्हाई."

"पण गावात मुसलमान घरं ती किती?"

"मेल्यावर कोन कुठला ते मागनं बघू. आनि लेकरं तर तुमीबी पुरताच की."

गावात गडबड उडाली. कामावर जाणारी वाट कबरस्तानवरून होती आणि बायका पोरांना घेऊन तिकडून जायला तयार होईनात. सरपंच आबा तावातावाने आले.

"चाचा, बुजवा ते. अपशकुन करताय व्हय तुमी?"

"आबा, छत्री घेतली म्हनून पाऊस येतो का?"

"येत न्हाई, तेच तर रडगानं हाय."

"मंग? बायकांना म्हनावं, पोटभर खावा. ह्यात कोनी पडनार न्हाई."

खड्डे तसेच राहिले. शेवटी आबांनी तलावाकडे जायची वाट फिरवली.

चाचांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "लढाई आन दुष्काळ एका आईची लेकरं. एक घरी आलं की दुसरं मागनं येतंच." त्यांचे वडील पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या लढाईला गेले ते परत आले नाहीत. "त्याला माती मिळाली का न्हाई, ठावं न्हाई," एवढंच ते सांगत. आदल्याच हिवाळ्यात बांगलादेशची लढाई झाली होती. नगरला आमच्या सावेडीच्या घरीसुद्धा आम्ही खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते. त्यामुळे आता मागून काय येणार, याबद्दल चाचांच्या मनात शंकाच नव्हती. माझ्या मनात होती. मी वाद घालायची. आता सरकार कामं काढतं, टँकर येतो, धान्य जहाजाने समुद्रापलीकडून येतं, तुमच्या आजोबांच्या वेळी हे नव्हतं, असं सांगायची.

"ती जहाजावरची लाल ज्वारी, ते मिलो, खाऊन बघितलं का तुमी?" चाचा विचारत. "थापाय गेलं की भाकर तुटती. असलं खाऊन मानूस मराय घाबरंल तरी कशाला?"

पण मिलो यायचं, लोक शिव्या देत खायचे आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचे. सुकडी पोरं आवडीने खात. चाचा रोज संध्याकाळी खड्ड्यांवरून फेरी मारत, कडा ढासळल्या असतील तर नीट करत आणि मग पंचायतीच्या ओट्यावर बसून माझ्याकडे चौकशी करत, "आज कोन?" मी म्हणे, "कुणी नाही." महिनाभराने त्यांच्या विचारण्यात थोडा संशय येऊ लागला. मी काही लपवते आहे, असं त्यांना वाटत असावं.

मग उन्हाळ्यात, भर दुपारी, ते कामावर आले. त्यांची नात शहनाज, अजून वर्षाचीही नव्हती, तिला त्यांनी धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणलं होतं. दोन दिवस हगवण. डोळे खोल गेले होते, ओठ कोरडे. मी तिला मांडीवर घेतलं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी शिकवलं होतं, तसं उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ आणि साखर घालून चमच्याने पाजायला सुरुवात केली. एक चमचा, थांबायचं, पुन्हा एक.

चाचा समोर बसले होते, पण तोंड फिरवून. मी म्हटलं, "चाचा, इकडे बघा, जीभ ओली होतेय."

"मी न्हाई बघनार."

"अहो, बरी दिसतेय."

"माझी नजर लई वाईट हाय, पोरी," ते म्हणाले. मला त्यांनी पोरी म्हणण्याची ती पहिली वेळ. "मी बघितलं की माप घेतो. तू पाज. मी न्हाई बघनार."

ऊन कलेपर्यंत ते तलावाच्या उघड्या मातीकडे पाहत बसून होते. शहनाजने शू करून लंगोट ओला केला आणि मग जोरात रडली. तेव्हा चाचांनी मान वळवली. तिला उचलून सरळ छातीशी लावलं, इतकं जवळ की तिची लांबी कुठून कुठपर्यंत ते दिसूच नये.

पुढच्या पावसाळ्यात पीक उभं राहिलं. खड्ड्यांत कुणीही गेलं नव्हतं. म्हातारी माणसं दोन गेली, ती वयाने, आणि ती सरणावर. चाचा स्वतःवरच थोडे नाराज झाल्यासारखे दिसले. "आज्याचा दंडक खोटा पडला," ते म्हणाले. "आजा असता तर त्याला दावलं असतं. लई हरकला असता." मग त्यांनी सगळे खड्डे बुजवले. एक सोडून. सगळ्यात लहान होता तो ठेवला.

"हा कशाला?"

"लोकांना पटनार न्हाई पुढं. म्हनतील दुष्काळ कुठं पडला हुता, कोन मेलंच न्हाई. त्यांना दावाय."

मी विजयी मुद्रेने म्हणाले, "बघा, मी सांगत होते, जग सुधारलं." वर्षभरातच रेडिओवर बांगलादेशातल्या उपासमारीच्या बातम्या येऊ लागल्या. चाचा पंचायतीसमोर थांबून ऐकत. "आपलं रिकामं ऱ्हायलं म्हनून सगळीकडचं रिकामं ऱ्हातंय व्हय?" ते म्हणाले. पुढे मी बरंच वाचलं. शंभर वर्षांपूर्वीच्या मानाने भुकेने मरणारी माणसं जगात खूप कमी झाली, लढायांचं मात्र कमी-जास्त होत राहतं, असं जाणकार लिहितात. मला ते पटतं. पण वाचताना चाचांचं ते वाक्यही कानात असतं आणि दोन्ही एकदम खरं असू शकतं, याची आता सवय झाली आहे.

चाचा खूप म्हातारे होऊन गेले, घरी, झोपेत. माझी बदली झाली होती. मी मातीला पोचले तेव्हा जवान पोरांनी कबर तयार ठेवली होती. जमीन ओली होती, कुणालाही फार दम लागला नव्हता.

तो लहान खड्डा दर उन्हाळ्यात चाचा साफ करत. आता शहनाज करते. ती लग्न होऊन गावातच राहिली आहे, दोन मुलांची आई आहे आणि अंगापिंडाने चांगली उंचपुरी आहे. पाथर्डीच्या बाजूला काही काम निघालं की कामांच्या यादीत मी शेवटी त्या खड्ड्याची एक ओळ वाढवते. गेल्या महिन्यात गेले होते. खड्ड्यात पावसाचं पाणी होतं आणि शहनाजची शेळी त्यात तोंड घालून पीत होती.