फवारलेला कापूस

ईशान, मीरा,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मीराने विचारलं, "आजी, लॉकडाऊनमुळे लोकांचं किती नुकसान झालं? शाळेत प्रोजेक्ट आहे." तुमचे बाबा म्हणाले, गुगलवर बघ. देशाचा आकडा तिथे मिळेलही. मला फक्त आमच्या एका आवाराचा हिशेब माहीत आहे, आणि तो मजेशीर आहे. तेव्हा तुम्ही दोघे इतके लहान होतात की तुम्हाला काही आठवणार नाही. म्हणून लिहून ठेवते आहे. मराठी सावकाश वाचा, घाई नाही.

तर, माझ्या हातातलं मीटर ओरडलं.

ते ओलावा मोजायचं मीटर होतं. त्याची लांब सळई कापसात खुपसायची, आत किती पाणी आहे ते स्क्रीनवर दिसतं. आकडा बाराच्या वर गेला की मीटर पीप-पीप करतं आणि माल परत पाठवावा लागतो. ओला कापूस गंजीत राहिला की आतून तापतो, पिवळा पडतो, कधीकधी पेटतोसुद्धा. मी सरकारी खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. ग्रेडर म्हणजे कापूस हातात घेऊन त्याचा धागा किती लांब, कचरा किती, ओल किती हे ठरवणारी व्यक्ती. शेतकऱ्याला काय भाव मिळणार ते त्यावरून ठरतं. नोकरीचं शेवटचंच वर्ष होतं माझं.

यवतमाळच्या दारव्हा रस्त्यावर कापसातून सरकी वेगळी काढणारी एक जिनिंग फॅक्टरी आहे, तिच्या आवारात आमचं केंद्र होतं. मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा खरेदीही थांबली. कापूस शेतकऱ्यांच्या घरातच राहिला. बैठकीच्या खोलीत, माजघरात, काही ठिकाणी छतापर्यंत. त्यातल्या बारीक किड्यांनी माणसांच्या अंगाला खाज सुटली. घरात कापूस झोपायचा आणि माणसं अंगणात. इकडे जिनिंगचे मजूर आपापल्या गावी निघून गेले. हमालांना काम नाही. सरकी नाही म्हणून तिची ढेप, म्हणजे पेंड नाही, ढेप नाही म्हणून गुरांच्या खुराकाची पंचाईत. कोपऱ्यावरचा चहावाला भाजी विकू लागला. एक फाटक बंद झालं की त्याच्या मागे किती दारं बंद होतात, ते मी तेव्हा पाहिलं.

मे महिन्यात केंद्र पुन्हा उघडलं. रोज मोजक्याच गाड्या, मोबाईलवर नंबर येईल त्यांच्या. नंबर हुकला की नाव यादीच्या शेवटी. आणि पाऊस जवळ आलेला.

पहिल्या दिवसाची पहिली गाडी निर्मलाबाई राठोड यांची. पन्नाशीची, ठसठशीत बाई, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर कापसाच्या वर राणीसारखी बसून आली होती. मी सळई खुपसली आणि मीटर ओरडलं.

"बाई, माल ओला आहे. घेता येणार नाही."

"बाप्पा! ओला?" त्या ट्रॉलीवरून उतरल्याच. "अवो मॅडम, दिवाळीपासून घरात हाय हा कापूस. घरात पाऊस पडते काय?"

"मीटर सांगतंय."

"मीटरले काय समजते? शनिवारी माह्या पोराचं लगन हाय. हॉल बंद, मंगल कार्यालय बंद, घरीच करून राह्यलो. आन घरात हा कापूस! वापस नेला तं सून कुठी बसवू, ढिगावर?"

मागच्या गाडीवरून कोणी तरी म्हणालं, "गादी घ्याचा खर्च वाचला, काकू!"

"तू गप रे. तुयाबी नंबर येते आता."

आला. दुसऱ्या गाडीलाही मीटर ओरडलं. तिसऱ्यालाही. माझ्या सगळ्या नोकरीत मे महिन्यात ओला कापूस पाहिला नव्हता. यवतमाळच्या उन्हात अंगणात टाकलेला टॉवेल काढायला जाईपर्यंत पापडासारखा होतो. मी हात आत घातला. वरचा थर गार लागला, खालचा खडखडीत कोरडा. आणि एक वास. स्विमिंग पूलचा येतो तसा.

मी फाटकाकडे चालत गेले.

फाटकावर रहीमभाई होते. एरवी ट्रॅक्टर दुरुस्त करायचे आणि हंगामात फवारणीची कामं घ्यायचे. आता साथीसाठी त्यांना नेमलं होतं. पाठीवर फवारणीचा पंप, तोंडाला रुमाल, डोळ्यांवर गॉगल. चौथी गाडी आत येत होती. रहीमभाईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली, मग चाकावर पाय देऊन वर चढले आणि कापसावर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नोझल फिरवलं. अतिशय मन लावून.

"रहीमभाई! हे काय करताय?"

"सॅनिटाईझ, मॅडम. गाडी फवारून मगच आत घ्याची, असा आदेश हाय." ते अभिमानाने खाली उतरले. "अपना काम एकदम पक्का. पराटीवर मारतो तसंच मारलं. एक बोंड सुटलं नाई."

पराटी म्हणजे कापसाचं झाड. आयुष्यभर त्यांनी कापसावरच फवारणी केली होती. कापूस समोर आला, पाठीवर पंप होता. हात आपोआप चालला.

"अहो, पण माल भिजला!"

"भिजला?" ते गडबडले. मग सावरून म्हणाले, "पन पांढरा पाहा किती झाला."

मी आमचे केंद्रप्रमुख इंगोले साहेब यांच्या टेबलाशी गेले. माणूस भला, पण कागदाला फार भिणारा. समोर दोन आदेश ठेवलेले. एकात लिहिलं होतं, आत येणारं प्रत्येक वाहन फवारावं. दुसऱ्यात, ओला माल घेऊ नये.

"सर, पहिला आदेश पाळला की दुसऱ्यामुळे केंद्र बंद पडतं."

"मॅडम, फवारणी थांबवली आणि उद्या कोणी आजारी पडलं तर?"

हा प्रश्न खोटा नव्हता. तालुक्यात आजार शिरला होता. आम्ही सगळेच घाबरलेले होतो. मी म्हटलं, "माणसं दूर ठेवू, मास्क लावू, हात धुऊ. पण कापसाला खोकला येत नाही."

"मीटर तर खराब नसेल?"

"मग जुन्या पद्धतीने बघा."

जुनी पद्धत अशी की कापसातली सरकी, म्हणजे बी, दाताखाली धरून फोडायची. कोरडी असेल तर कट्‌ असा आवाज येतो. ओली असेल तर नुसती दबते. इंगोले साहेब शेतकऱ्याचे चिरंजीव, त्यांना हे ठाऊक होतं. ते ट्रॉलीपाशी आले, सगळ्यांपासून लांब झाले, मास्क खाली केला, वरच्या थरातली सरकी काढली आणि चावली.

आवाज आला नाही.

"अजी साहेब, थुंका! थुंका!" रहीमभाई धावत आले. "दवाई हाय त्याच्यावर!"

साहेबांचा चेहरा वाकडा झाला. ते थुंकणार, तोच रांगेतून आवाज आला, "साहेब, उघड्यावर थुंकाले दंड हाय बरं! बोर्ड तुमीच लावला न?"

साहेब गाल फुगवून पाण्याच्या टाकीकडे पळाले. पूर्ण रांग हसत होती, निर्मलाबाई सर्वांत जास्त. कितीतरी आठवड्यांनी मी इतकी माणसं एकत्र हसताना ऐकली. अंतरासाठी चुन्याने आखलेल्या गोलांत उभी, एकमेकांपासून लांब, पण एकत्र.

चूळ भरून साहेब परतले तेव्हा निर्णय झालेला होता. त्यांनी वरिष्ठांना फोन केला. पलीकडून बराच वेळ "लेखी विचारणा करा" असं चाललं असावं. शेवटी इंगोले म्हणाले, "विचारणा करतो सर. पण उत्तर येईपर्यंत आत येताना फक्त चाकं फवारणार, आणि माल उतरल्यावर रिकामी गाडी. जबाबदारी माझी." फोन ठेवून त्यांनी तेच पहिल्या आदेशाखाली लिहिलं आणि सही केली. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

राहिला भिजलेला कापूस. आवारात सिमेंटचा मोठा ओटा होता, दुपारी त्यावर पोळी भाजावी असा. मी म्हटलं, वरचा थर काढून तिथे पसरवा. सुकला की पुन्हा तपासते, आजच तपासते, कोणाचा नंबर जाणार नाही. चार गाड्यांची माणसं अंतर ठेवून ओट्यावर कापूस उधळू लागली. रहीमभाईंनी पंप उतरवला आणि प्रायश्चित्त म्हणून सर्वांत मोठा ढीग घेतला. निर्मलाबाई त्यांना म्हणाल्या, "भाऊ, आता नीट पलटवा. पराटी नाई हाय ते."

दुपार उलटायच्या आत मी सळई पुन्हा खुपसली. मीटर गप्प राहिलं. वरचा थर तेवढा वेगळा ठेवून तपासला, तोही चालण्यासारखा होता; बाकी माल उत्तम निघाला. धागा लांब, कचरा कमी. चारही गाड्या रिकाम्या होऊन गेल्या.

जाताना निर्मलाबाई लांबूनच म्हणाल्या, "मॅडम, लगनाले बलावलं असतं तुमाले. पन पन्नासच माणसं आणाची परवानगी हाय. माह्या तं बहिणीच बारा. तुमचा नंबर नाई लागला."

"हरकत नाही. यादीच्या शेवटी ठेवा."

शनिवारी लग्न झालं. सून रिकाम्या, झाडलेल्या घरात आली, असं रहीमभाईंनी सांगितलं. त्यांनाही आमंत्रण नव्हतं, पण ट्रॅक्टर बिघडला म्हणून बोलावलं आणि जेवू घातलं.

मीरा, प्रोजेक्टसाठी एवढंच लिही: आदेश काढणारे वाईट नव्हते, भीतीही खरी होती. पण नियम जिथे जाऊन पोचणार तिथली हवा किती तापते आणि तिथल्या माणसाच्या पाठीवर कसला पंप आहे, हे आधी विचारलं तर खर्च कमी येतो.

लेखी उत्तर आमच्या केंद्राला आलं तेव्हा हंगाम संपला होता. तोवर इंगोले साहेबांनी फाटकाच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहून घेतलं होतं, "कापसावर फवारणी करू नये." नवीन शेतकरी ते वाचून अजून हसतात, कापूस विकायला आणून कोण फवारतं म्हणून. मागच्या महिन्यात मी तिथून गेले. भिंतीला नवा चुना दिला आहे. अक्षरं त्यातून अजून दिसतात.

तुमची आजी