आठ दिवसांचे घट्टे

घनसावंगीकडचं आमचं काळं रान एक बाई कूळ म्हणून कसत होती. नवरा वारला तरी तिनं नांगर सोडला नव्हता. ते रान परत हवं म्हणून आमच्या वडिलांनी ‘जमीन मी स्वतः कसतो’ अशी अर्जी तहसीलदाराकडं धाडली. कचेरीचा कारभार तेव्हा उर्दूत चाले. उर्दू मला येत होती, म्हणून अर्जी मीच लिहिली. अक्षर सुरेख आलं होतं.

तहसीलदाराचा कागदावर भरवसा नव्हता. आठ दिवसांनी येऊन दोघांचे हात बघतो, असा निरोप आला.

वडिलांनी आपले तळहात पाहिले. मऊसूत. “आठ दिवसांत घट्टे पाडतो, बिलकुल!” म्हणत ते परसात कुदळ घेऊन उभे राहिले. खड्डा खणला, बुजवला, पुन्हा खणला. आई तुपाची वाटी घेऊन मागं.

कातडीतल्या पेशींना दाब कळतो, हे मी फार पुढं वाचलं. रोज थोडा थोडा, वर्षानुवर्षं दाब आला तर त्या थरावर थर रचतात. एकदम रेटलं तर थर सुटतात आणि मध्ये पाणी भरतं. तिथं मालकाचा रुबाब चालत नाही. आठव्या दिवशी वडिलांच्या हातांवर टपोरे फोड होते, घट्टा एकही नव्हता.

“हाथ बताओ,” साहेब चावडीत म्हणाले. बाईचा तळहात त्यांनी अंगठ्यानं दाबला. तिला काही वाटलंसुद्धा नाही. वडिलांचा धरला तेव्हा ते “आई गं!” करून उडाले. मग साहेबांना वडिलांच्या घोट्यावरचा काळा, जाड घट्टा दिसला. गादीवर मांडी घालून बसण्याची तीस वर्षांची कमाई.

“ये पुराना है. ये बराबर है!”

सगळी चावडी हसली. मीही हसलो. तेवढ्यात त्यांनी विचारलं, अर्जी कुणी लिहिली? माझ्या मधल्या बोटावरचा टाकाचा घट्टा मी मुठीत लपवला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रान बाईकडंच राहिलं. वडिलांचे हात पंधरा दिवसांत पुन्हा मऊ झाले. मग एक दिवस बाई दारात आली.

“दादा, साहेब उद्या बदलून जातेल. माह्या हाताचं मंग कोन ऐकंल? तुमचं अक्षर चांगलं हाय म्हनं. रान मीच कसते, एवढं लिहून द्या.”

मी लिहून दिलं. टाक त्याच घट्ट्यावर टेकला होता, पण त्या चार ओळी लिहिताना बोट दुखलं.