आबांचा अष्टमांश चहा

ह्या बेटावर चहाची विद्या आणणारा पहिला मराठी पुरुष म्हणजे आमचे आबा सिरदार. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो. त्यात दुरुस्ती करायचीच झाली तर एवढीच, की ती विद्या त्यांना येत नव्हती. चहाचे झाड त्यांनी पन्नाशी उलटेपर्यंत पाहिले नव्हते. आणि चहा तोंडाला लावला तो त्याहूनही नंतर, एकदाच, आणि चूळ भरून टाकला.

सिरदार म्हणजे उसाच्या मळ्यावर मजुरांच्या टोळीचा मुकादम. खाली समुद्रकाठी, सांत्र द फ्लाकच्या बाजूला, एका फ्रेंच मोस्येचा, म्हणजे साहेबाचा, मोठा मळा होता. आबा तिथे सिरदार होते आणि मी दुभाष्या. ते महाडकडचे, गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, जहाजात बसून आलेले. मी इथेच जन्मलो आणि एका पाद्रीबाबांच्या कृपेने फ्रेंच शिकलो. पाद्रीबाबांना मी ख्रिस्ती व्हायला हवा होतो. त्याऐवजी मी वाचायला लागलो.

आबांच्या जिभेवर एक शब्द कधी आला नाही. "म्हाईत नाय" असे ते कुणालाच, कशालाच म्हणत नसत. आगगाडी नवीनच सुरू झाली होती. ती कशाने चालते म्हणून कुणी विचारले तर आबा म्हणत, "भाताच्या टोपावरचं झाकण हलतं का नाय? तसंच. टोप मोठा, येवढंच." ह्या उत्तरात चूक काढायला मी पुस्तके चाळली; सापडली नाही. पण गोऱ्या लोकांची देवळे दोन तऱ्हेची का, असे विचारल्यावर ते तितक्याच ठामपणे सांगत, "फ्रेंचांचा देव आन् इंग्रजांचा देव चुलतभाऊ. वाटण्या झाल्या, दुसरं काय?" मी एकदा त्यांना म्हणालो, "आबा, एखाद्या वेळी माहीत नाही म्हणावं की." तर म्हणाले, "म्हाईत नाय म्हणणाऱ्याला दुसऱ्या बारीला कोण इचारीत नाय." असा एक माणूस त्या काळी मजुरांच्या प्रत्येक कॅम्पात असे. तो नसता तर आम्ही सगळेच दर्याकडे बघत बसलो असतो.

मग तापाचे वर्ष आले. समुद्रकाठच्या सगळ्या मळ्यांत माणसे थंडी भरून पडू लागली. तापावरचे कोयनेल श्रीमंतांनाच पुरेना. आबांचा मुलगा श्रीपती पडला. त्याची बायको सखू, जेमतेम दिवस गेलेली, आबांना विचारी, "आबा, उठतील ना हे?" आबा म्हणाले, "हा ताप माझ्या वळखीचा हाय. घाम फुटला का उतरतो." घाम फुटला. ताप उतरला, पुन्हा चढला, आणि श्रीपती गेला. त्यानंतर काही दिवस आबांना कुणी काही विचारले नाही, आणि त्यांनीही आपण होऊन काही सांगितले नाही.

ज्यांना शक्य होते ते वर क्युरपिपला पळत होते. बेटाच्या मधोमध उंचावर हे गाव. पूर्वी वाटसरू तिथे थांबून चिलीम झाडत, त्यावरून त्याचे हे फ्रेंच नाव पडले असे सांगतात. आता तिथे राजधानी पोर्ट लुईचे धनिक फुप्फुसे झाडायला येत. हवा गार, पाऊस बारमाही, धुके फुकट. पण गिरमिटाच्या मजुराला मळा सोडून जायची सोय नव्हती. मालक नेईल तिथेच जायचे. आणि सखूचे पोट आता दिसू लागले होते.

मोस्येची क्युरपिपला बंगली होती आणि बंगलीमागे कुणीतरी कधीकाळी लावलेली, रानटी वाढलेली चहाची थोडी झाडे. चीनहून येणाऱ्या चहावाचून ह्या बेटाचे अडता कामा नये असे मोस्येंच्या मनाने घेतले. हिंदुस्थानात चहा होऊ लागला आहे हे त्यांनी कुठेसे वाचले होते, मजूर हिंदुस्थानातलेच. पुढचे तर्कशास्त्र त्यांनी ओसरीत खुर्चीवर बसून पूर्ण केले. आबांना बोलावले आणि मला म्हणाले, "विचार ह्याला, चहाचं काम येतं का?"

मी विचारले.

"बापजाद्यांपास्नं," आबा म्हणाले.

"आबा, महाडात चहा?" मी हळूच म्हणालो.

"तू दुभाष्या हायस का फौजदार? सांग त्येला."

मी सांगितले. मोस्ये खूश झाले. बरोबर कोण लागेल, असे त्यांनी विचारले.

"दोन गडी. आन् पानं खुडाया माझी सून."

"ती तर गरोदर आहे," मोस्ये म्हणाले.

"त्येला म्हणावं, गर्भारणीच्या हातची पानं गोड उतरतात."

हेही मी शब्दशः सांगितले. दुभाष्याचे काम तेवढेच असते. पुढे मोस्ये हे वाक्य मेजवान्यांत पौर्वात्य ज्ञान म्हणून ऐकवीत, आणि पाहुणे माना डोलावीत.

अशा रीतीने आबा डोंगरावर गेले. महिन्याभराने मोस्येच्या कामासाठी मी आगगाडीने वर गेलो, तेव्हा स्टेशनावर उतरताच मला जळक्या शेणाचा वास आला. धुक्यातून वाट काढीत बंगलीमागे गेलो. आबा उकिडवे बसून ओल्या पालापाचोळ्याच्या ढिगाला फुंकर घालीत होते.

"आबा, हे काय?"

"राब."

भात पेरण्याआधी रोपाच्या जागेवर शेण, पाला, छाटलेल्या डहाळ्यांचे कवळ पसरून ती भाजायची, ही आमच्या कोकणची चाल. तिला राब म्हणतात. मोस्येंनी चहाचे बी आणून दिले होते. आबांनी त्याला भाताचा संस्कार चालवला होता. फरक इतकाच, की कोकणात राब भाजतात तो उन्हाळ्यात, आणि क्युरपिपला उन्हाळा नावाची वस्तू नाही. राब पेटत नव्हता, विझतही नव्हता. नुसता धुमसत होता, आणि धूर शेजारच्या बंगल्यांत शिरत होता, जिथे माणसे शुद्ध हवेसाठी भाडे भरून राहिली होती.

एक म्हातारी मादाम छत्री घेऊन तक्रार करायला आली. योगायोगाने तिच्याबरोबर तिचा डॉक्टरही आला. डॉक्टर दाढी कुरवाळीत धुराकडे बघत राहिला आणि म्हणाला, की ताप आणणाऱ्या दूषित वायूवर धुरासारखा उपाय नाही. पोर्ट लुईत तर रस्त्यांवर डांबर जाळताहेत. मग त्याने विचारले, हा मनुष्य कोण आहे? मी म्हणालो, चहाचा जाणकार. दुसऱ्या दिवशी आणखी दोन बंगल्यांमागे धूर निघू लागला.

"काय म्हणत व्हता त्यो?" आबांनी नंतर विचारले.

"तुमचा धूर तापावर औषध आहे म्हणाला."

"मंग? म्हाईतच व्हतं मला," आबा म्हणाले.

सखूची प्रकृती मात्र खरोखर सुधारली होती. गालांवर रंग आला होता. ती झाडांची पाने खुडून आणी. आणि कोकणात पावसाळ्यात जे करतात ते आबा त्या पानांचे करीत: चुलीवरच्या माळ्यावर पसरून ठेवीत. त्याच माळ्यावर सुकी मासळीही होती. मी ह्याबद्दल मत देणे टाळले.

मग दोनतीन महिन्यांनी मोस्येंचा निरोप घेऊन मी पुन्हा वर गेलो. लाटसाहेब, म्हणजे बेटाचे गव्हर्नर, हवापालटासाठी वर येणार होते आणि मोस्येंच्या बागेत चहा घेणार होते. निरोपाचा शेवटचा भाग मलाच आबांना सांगावा लागला. चहा पसंत पडला तर बाग वाढवायची. नाही पडला तर झाडे उपटायची, आणि सगळ्यांनी खाली फ्लाकला ऊसतोडणीवर परत यायचे. फ्लाकच्या कॅम्पातून त्या आठवड्यातही तिरड्या निघत होत्या. सखूचे दिवस भरत आले होते. ती दारात उभी राहून ऐकत होती.

"आबा," ती म्हणाली, "ह्या पाल्याचं पुढं काय करतात, ठावं तरी हाय का?"

"पाल्याचं काय करतात? काढा."

"किती आटवायचा?"

"लाटसाहेबाला द्यायचाय. अष्टमांश."

आठ भांडी पाण्याचे एक भांडे उरेपर्यंत उकळायचे, ह्याला वैद्य अष्टमांश काढा म्हणतात. मोस्येंच्या टेबलावर मी चहा होताना पाहिला होता. मी आबांना सांगितले, की पाने गरम पाण्यात क्षणभर ठेवतात आणि गाळून फेकून देतात.

"फेकून?" आबा म्हणाले. "मंग ती पानं काय नुसती तोंड दाखवाया आल्ती?"

सुंठ, मिरी, तुळस आणि गूळ ही काढ्याची बाकीची मंडळी ठरल्याप्रमाणे आली. बंगलीची क्रेओल, म्हणजे इथल्या जुन्या आफ्रिकी गुलामांच्या वंशातली, स्वयंपाकीण मोठ्या टोपात डोकावली आणि ओरडली, "सा पा दिते सा!" हा चहाच नव्हे, असे तिचे म्हणणे. आबांना तिच्या भाषेतले मोजकेच शब्द येत. त्यांतले त्यांनी लगेच वापरले. "तो पा कोने," ते म्हणाले. तुला माहीत नाही.

लाटसाहेब आगगाडीने आले. स्टेशनात बँड होता, बागेत कमान होती, कमानीवर फुले होती आणि फुलांवर पाऊस होता. मोस्येंनी भाषण लिहून आणले होते. त्यात चीनचा अस्त, बेटाचा उदय, वाणिज्य, प्रकाश आणि महाराणी इतके विषय होते, आणि पाऊस वाढला म्हणून मोस्येंनी एकही गाळला नाही. कापडी मांडवात पाणी साचले, ते आधी थेंबाथेंबाने आणि मग एकदम लाटसाहेबांच्या मानेवर आले. उंच, बारीक, पिकल्या मिशांचे ते गृहस्थ अदबीने उभे राहिले. त्यांचे ओठ निळे पडत होते.

मागे उघड्यावर चूल होती. टोपात पाऊस गेला तर अष्टमांश राहणार नाही, म्हणून आबांनी अंगावरची घोंगडी काढून टोपावर धरली होती. संपूर्ण भाषणभर ते तसेच उभे होते, उघडे, हात ताणून. सखू म्हणाली, "आबा, घोंगडी घ्या अंगावर. झाकण ठेवते मी." आबा म्हणाले, "झाकणानं वाफ कोंडते. गप ऱ्हा."

शेवटी पेले फिरले. काळा, दाट, धुराच्या आणि किंचित मासळीच्या वासाचा तो द्रव मोस्येंनी पेल्यात पाहिला, आणि त्यांचा चेहरा वाहून गेला. लाटसाहेबांनी पाहिला नाही. त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला, नुसता धरूनच ठेवला थोडा वेळ, आणि मग एका दमात प्यायले. सुंठ घशाखाली गेली. डोळ्यांत पाणी आले. कानांवर हळूहळू लाली चढली. लाटसाहेबांनी रिकामा पेला पुढे केला.

"आणखी आहे का?" ते म्हणाले.

मांडवात मग सगळ्यांनीच आणखी मागितला. मोस्येंनी तिथल्या तिथे बाग वाढवण्याची घोषणा केली. मी मागे जाऊन आबांना सांगितले, की तुम्ही सगळे वरच राहायचे. ते खाली बसले. दात वाजत होते, म्हणून त्यांना लगेच बोलता आले नाही. नाही तर हेही माहीत होते म्हणाले असते.

त्या रात्रीपासून त्यांच्या छातीत कफ धरला. सखूला मुलगी झाली, ती त्यांनी पाहिली. घोंगडी वाळवून त्यांनी बाळासाठी देऊन टाकली आणि स्वतः गोणपाटावर पडून राहिले. मी भेटायला गेलो तेव्हा सखू त्यांच्या उशाशी बसली होती. आबांना धाप लागली होती. त्यांनी तिच्याकडे मान वळवली.

"काय इचारायचं नाय का तुला?" ते म्हणाले.

"नाय, आबा."

"बरं."

ते गेल्यावर सखू मला म्हणाली, "त्यांना चहातलं काय बी कळत नव्हतं, दुभाषीदादा. पण तवा नाय म्हणाले असते तर ही पोर खाली असती." मग तिने पोरीला घोंगडीत नीट गुंडाळले आणि पाने खुडायला गेली. सुरुवातीच्या त्या खुडणीनंतर पुढे तिथे चहाचे खरे जाणकार आले, त्यांनी पाने कशी वाळवायची ते शिकवले. आज त्या उतारांवर चहाच चहा दिसतो. त्यात आबांचे एकही झाड नाही. राबातले बी उगवलेच नव्हते.

आबांच्या मृत्यूचा दाखला करायला तोच दाढीवाला डॉक्टर आला. मी त्याला फ्रेंचमध्ये नीट समजावून सांगितले, की भर पावसात उघडे उभे राहिल्याने सर्दी छातीत उतरली आणि माणूस गेला. डॉक्टरने मान हलवली. क्युरपिपची हवा आरोग्यदायक असल्याचा अहवाल त्यानेच सरकारला दिला होता, आणि बंगल्यांची भाडी त्यामुळे दुप्पट झाली होती. त्याने लिहिले: ताप, समुद्रकाठाहून आणलेला.