बाही खोटी बोलणा नाय

कोणताही जुना फोटो हातात दिला की ती आधी त्यातल्या बाईच्या तोंडावर अंगठा ठेवायची. मग फोटो नाकाजवळ नेऊन बाही बघायची, खांद्यापासून मनगटापर्यंत, शिवण न् शिवण. म्हणायची, "तोंड खोटा बोलता रे झिला. बाही खोटी बोलणा नाय."

वेंगुर्ल्याच्या बाजारात आमचा फोटो स्टुडिओ. आजोबांनी घातलेला, वडिलांनी रेटलेला आणि मी जेमतेम उघडा ठेवलेला. ही काकी दोन गल्ल्या सोडून राहायची. नवरा कधीच वारलेला, मूलबाळ नाही, पन्नास वर्षं ब्लाउज शिवत आलेली. गावातल्या निम्म्या बायकांची मापं तिला तोंडपाठ होती, नावं मात्र विसरायची. रस्त्यात कुणी भेटली की "बरी आसस मां गो?" असं विचारताना तिची नजर त्या बाईच्या काखेतल्या चुण्यांवर असायची. अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. आपण त्यांना हसतो, आणि कपडा मात्र त्यांच्याकडेच टाकतो.

आमच्याकडे ती पहिल्यांदा आली नव्याण्णव सालाच्या सुमारास, पेन्शनीच्या कागदावर लावायच्या फोटोसाठी. फोटो हातात पडला आणि तिचं तोंड उतरलं.

"ह्या काय रे? नुसता तोंड काढलंस? बाही खंय आसा?"

"सरकाराक बाही नको, काकी."

"मगे सरकाराक काय कळता!"

जाता जाता ती थबकली. भिंतीवर आजोबांच्या हातचा एक फोटो होता. नऊवारी नेसलेली बाई, पायांत मोजे आणि बूट, हातात पुस्तक. त्या काळी अक्षरओळख नसलेल्या बायकाही फोटोपुरतं पुस्तक धरायच्या. तिने त्या बाईच्या तोंडावर अंगठा ठेवला, बाही पाहिली, आणि मागे न वळताच विचारलं, "ह्या फोटोंच्यो काचो आसत?"

काचा होत्या. आजोबांच्या वेळी फोटो काचेवर उमटायचा आणि ती काच लाकडी पेटीत भुशात जपून ठेवायची. माळ्यावर अशा सात पेट्या होत्या.

मग तिने स्टुलावर बसून सांगितलं. ती दहा महिन्यांची असताना तिची आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं तेव्हा नव्या बाईच्या डोळ्यांना खुपू नये म्हणून कुणीतरी आईचा एकुलता एक फोटो चुलीत घातला. मावशीने हिला वाढवलं. आईबद्दल मावशीपाशी सांगण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या. एक, तो फोटो आमच्या स्टुडिओत काढला होता आणि त्यात आईच्या अंगात मनगटाला लेस लावलेलं, लांब बाह्यांचं पांढरं पोलकं होतं, पदराला पानाच्या आकाराची पिन होती. दुसरी गोष्ट म्हणजे, हिने हात तेवढे आईचे घेतले. हात खरंच लांब होते. कुठलीही तयार बाही तिला दोन बोटं आखूड पडायची.

तिला आईचं तोंड बघायचं होतं. एकदा. पासष्टाव्या वर्षी तिला दुसरं काहीही नको होतं.

त्या दिवसापासून दर बुधवारी दुपारी ती यायची. मी एक पेटी खाली काढायचो. ती एकेक काच खिडकीच्या उजेडात धरायची. काचेवर सगळं उलटं असतं, तोंडं काळी, केस पांढरे, पांढरं पोलकं कोळशासारखं. मला स्वतःला ते वाचायला दोन वर्षं लागली होती. ती दुसऱ्याच बुधवारी वाचायला लागली. बाह्यांवरून ती साल सांगायची. ही फुग्याची बाही म्हणजे अलीकडली, ही मनगटापर्यंतची म्हणजे त्याआधीची, आणि हिने तर मुंबईच्या जावेचं उसनं घातलंय, खांदा उतरलाय बघ. मी हसायचो. पण दुपारी गिऱ्हाईक नसायचं, आणि खरं सांगायचं तर मला तिची वाट बघायची सवय लागली.

तिसऱ्या पेटीत ते पोलकं सापडलं. लेस, पिन, सगळं. तिने अंगठा ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. मी फोटो छापून दिला तेव्हा ती तो पदराखाली धरून घरी गेली, आणि संध्याकाळी तोंड गोड करायला खाजं घेऊन आली.

"माझी आवस बरी दिसता मां रे?"

"बरी दिसता, काकी."

पंधरा दिवस तिने कुणाचा एक ब्लाउज शिवला नाही. मग चौथ्या पेटीत तेच पोलकं घातलेली दुसरी बाई निघाली. मग एक जाडी, बटणं ताणलेली. मग एक चौदा वर्षांची पोर, मागून टाचण्या मारून आवळलेली. तिने सगळ्या काचा ओळीने लावल्या. मी घरातून माझ्या आईला बोलावून आणलं. आईने वाकून बघितलं आणि सहज म्हणाली, "ता? ता स्टुडिओचा पोलका. माझ्या सासवेन शिवलेला. पिनय आमचीच. जिच्याकडे बरा पोलका नाय, तिका फोटोपुरता ता घालूक देयत."

तिने ओळीतली पहिली काच उचलली. "म्हणजे पंधरा दिवस मी दुसऱ्याच्या आवशीक आवस म्हणी होतंय?"

त्या दिवशी मला वाटलं, ही आता येत नाही. पण पुढच्या बुधवारी ती टेप गळ्यात अडकवून हजर. रात्रभर तिने विचार केला होता. पोलकं एकाच मापाचं, मग आईचे हात लांब असतील तर बाही आखूड पडणारच. मनगट उघडं पडणार. "बाही अजून सांगतली, बघ तू," म्हणाली. शिंपिणीच्या डोक्यात येईल तसला विचार. माझ्या सात पिढ्यांना सुचला नसता.

सहा पेट्यांत ते पोलकं घातलेल्या अकरा बायका निघाल्या. तिने अकराही जणींची मनगटं तपासली. एकीचीही बाही आखूड नव्हती.

राहिली सातवी पेटी. ती माळ्याच्या टोकाला होती, गळक्या कौलाखाली. तिथे पोहोचायला शिडी लागायची, आणि शिडी शेजाऱ्याकडे. "ती फुडच्या खेपेक काढतंय, काकी," मी म्हणायचो. तीही बिचारी "बरा" म्हणायची. कामाच्या माणसाला किती छेडायचं, असं तिला वाटत असावं. कामाचा माणूस काय करत होता? नवा कॉम्प्युटर घेतला होता, त्यावर पत्ते खेळत होता. आळस, दुसरं काही नाही. तिच्या पहिल्या बुधवारापासून ती पेटी खाली येईपर्यंत चार पावसाळे गेले.

पेटी उघडली तर भुसा ओला, काचा एकमेकींना चिकटलेल्या. पाण्यात सोडवल्या तेव्हा बहुतेकींवरचा थर पापुद्र्यासारखा सुटून आला आणि हातात नुसती काच राहिली. खालून तिसऱ्या काचेवर थोडं शिल्लक होतं. खुर्ची होती. पदरावर पानाची पिन होती. लेसची बाही होती, आणि बाहीच्या पुढे दोन बोटं उघडं मनगट होतं. मानेच्या वर काहीच नव्हतं. बुरशीने अंगठ्याएवढा गोल खाऊन टाकला होता, बरोब्बर तोंडावर.

मी ती काच छापून ओला फोटो तिच्या पुढ्यात ठेवला. तिचा अंगठा सवयीने वर आला आणि तसाच राहिला. मग तिने आपला हात फोटोतल्या हाताशेजारी ठेवला. तेच लांब बोट, तीच मनगटाची गाठ.

"हात गावलो," ती म्हणाली. मग त्या गोलाकडे बघत, "मी पयल्यांदा इलंय, तेव्हा होता काय रे तोंड?"

मला माहीत नव्हतं. आजही नाही. पण होय म्हणायची भीती वाटली आणि माहीत नाही म्हणायची लाज वाटली.

"नाय काकी. ता आदीच गेलला असतला."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग तिचं नेहमीचं वाक्य तिने अर्धंच म्हटलं. "तोंड खोटा बोलता..." फोटो घेतला आणि गेली.

पेन्शनीच्या फोटोतलं तिचंच तोंड कॉम्प्युटरवर तिथे जुळवून देतो, असा निरोप मी पाठवला. उत्तर आलं, नको. त्यानंतर एकाही बुधवारी ती आली नाही. रस्त्यात भेटली तर हसायची, बोलायची, माझ्या शर्टाचा खांदा बघायची. त्या पेटीबद्दल एक शब्द नाही. शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

चार-पाच वर्षांनी ती गेली. तेराव्याच्या आधी तिच्या नवऱ्याकडची पुतणी तिच्या भिंतीवरची फ्रेम घेऊन दुकानात आली. "ह्यो कोणाचो फोटो काय म्हायत. तोंडच नाय हेका. ह्यो काढ आणि काकीचो बसव. फ्रेम बरी आसा."

तिचा एकच फोटो होता, पेन्शनीसाठी मी काढलेला. नुसतं तोंड. तो मोठा करून आणला, फ्रेमचे खिळे उपटले. आतला फोटो मी काढला नाही. त्याच्यावरच तिचा ठेवला, काच पुसली, खिळे ठोकले.

पुतणीने फ्रेम लांब धरून बघितली. "बरो इलो. पण तिचे हात दिसाक होये होते."

"आसत," मी म्हटलं.