देवानंदची गिटार, माझी पेटी

देवानंद रामटेकेला गिटार सुरात लावायला अर्धा तास लागायचा, आणि तो अर्धा तास तो नेहमी कार्यक्रमाची वेळ झाल्यावरच घ्यायचा. बायाबापड्या सतरंजीवर येऊन बसलेल्या, ढोलकीवाला खोळंबलेला, मी पेटीचा भाता उघडून तयार, आणि हा मान खाली घालून एकाच तारेला कान लावून बसलेला. मी डोळे वटारले की म्हणायचा, "सर, घाई काऊन करून राह्यले? बस सुटून राह्यली काय?" बरं, एवढं करून तार लागली की हाच गृहस्थ ती बोटाने ओढून पुन्हा वाकडी करायचा. दहा वर्षं मी या माणसाशेजारी बसून पेटी वाजवली. माझा रक्तदाब तेव्हापासूनचा आहे.

आंध्राच्या हद्दीतल्या बेल्याच्या मराठी शाळेत मी गणित शिकवायचो, तो भाषा. ऐंशीच्या दशकात कधीतरी तो रुजू झाला, तेव्हा त्याच्याकडे एक ट्रंक होती आणि गोधडीत गुंडाळलेली गिटार. शिकत असताना तो बल्लारशाला एका निवृत्त रेल्वे गार्डाकडे भाड्याने राहायचा. त्या म्हाताऱ्या ख्रिस्ती गृहस्थाने त्याला गिटार दिली, आणि अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यांच्या पाच-सहा कॅसेटी. ब्लूज म्हणतात त्या गाण्यांना. मी एक ऐकली. कुणीतरी पोट दुखत असल्यासारखं कण्हत होतं.

"तुला त्यातलं इंग्रजी कळतं तरी का रे?" मी विचारलं.

"कळाले काय लागते, सर? कापूस येचनारे लोकं होते ते. आपल्या मायसारखे."

माझीही आई दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचूनच म्हातारी झाली. मी कॅसेट काढून त्याच्या हातात दिली. त्याच्या या बोलण्याचाही मला रागच आला.

आमची गायन पार्टी होती. जयंती, बुद्धपौर्णिमा, लग्न, बारसं, जिथून बोलावणं येईल तिथे जायचो. गाणी बहुतेक गोमाजी गवईंची. गोमाजीबाबा पैनगंगेपलीकडचे. उभा जन्म लोकांच्या शेतावर राबले आणि हातात एकतारी घेऊन गायले. त्यांची गाणी तोंडोतोंडी चार तालुक्यांत पसरली होती. सगळ्यांत गाजलेलं गाणं असं:

कापूस गेला गाडीनं, बोटं राह्यली घरी,
पांढऱ्या त्या ढिगामंधी लाली माही खरी.

आमच्या भागातल्या सगळ्या पार्ट्या हे गाणं पेटीवर, टाळ्यांच्या ठेक्यात, झपाझप म्हणायच्या. मीही तसंच बसवलं होतं. पोरं नाचायची.

देवानंदने पहिल्याच जयंतीला त्याचं वाटोळं केलं. गिटारीच्या पोटात त्याने कसलीशी चकती बसवून तिची वायर भोंग्याच्या मशीनला जोडली होती, त्यामुळे आवाज खरखरीत, घसा बसलेल्या माणसासारखा यायचा. करंगळीत हातपंपाच्या पाइपचा बोटभर तुकडा घालून तो तारांवरून घसरवायचा. आणि चाल इतकी संथ, की दोन टाळ्यांच्या मधे माणूस पान लावून खाईल. "घरी" या शब्दावर तर तो अशा सुरावर जाऊन थांबला की जो माझ्या पेटीत नव्हताच. मी खालची पट्टी दाबली, चुकली. वरची दाबली, तीही चुकली. शेवटी दोन्ही दाबल्या तेव्हा समोरच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. "एंदि सारू, इंका काले?" अजून संपलं नाही का, असं आमचे तेलुगू हेडमास्तर पहिल्या रांगेतून विचारत होते.

रविवारी तो सायकल डोंग्यात टाकून नदीपलीकडे गोमाजीबाबांकडे जायचा, त्यांच्यापाशी बसून गाणी वहीत लिहून आणायचा. गिटार मात्र कधी नेली नाही. "बाबासमोर वाजवाचं म्हनलं की हात कापते," म्हणायचा. आमच्यासमोर का कापत नव्हते, देव जाणे.

तलमडुगू गावात तर त्याने कळस केला. आमच्या कार्यक्रमांत एक रीत असते. कुणी खूश होऊन पाच रुपये दिले, की गाणं तिथल्या तिथे थांबवून त्याचं नाव माइकवर घ्यायचं. त्या संध्याकाळी गावच्या सरपंचाने स्वतः उठून नोट दिली. देवानंदने डोळे उघडलेच नाहीत. मी कोपर मारलं, ढोलकीवाला खाकरला, सरपंच नोट धरून उभाच. तेवढ्यात वीज गेली. भोंगा बंद, गिटार कुणाला ऐकू येईना, आणि हा गडी अंधारात वाजवतोच आहे! सरपंच तणतणत निघून गेला. नंतर विचारलं तर म्हणतो, "सर, रडत्या मानसाले मधात थांबवून कोनाचं नाव इचारते का कोनी?"

पुढच्या वर्षी तलमडुगूने दुसरी पार्टी बोलावली. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी गोमाजीबाबांना दोन पानी चिठ्ठी लिहिली. देवानंद रामटेके नावाचा बेसुरा मास्तर आपल्या गाण्यांचा खून पाडतो आहे, त्याला आवरा, असं सगळं सविस्तर. खाली सही केली, "आपला एक चाहता."

महिन्याभरात देवानंद स्टाफरूममध्ये माझ्याशेजारी येऊन बसला. "बाबानं मना केलं, सर. माह्यी गानी म्हनू नको म्हने."

"मग?" मी वहीतून मान वर न काढता विचारलं.

"मंग काय? गानी त्यायची हायत."

त्याने गिटार गोधडीत बांधून माळ्यावर टाकली. दुसरं कुणाचं गाणंही घेईना. वर्षभर शाळेत यायचा, शिकवायचा, घरी जायचा. शिकवताना मधेच थांबून खिडकीबाहेर बघायचा. आमची पार्टी मात्र सुरळीत चालली होती. वेळेवर सुरू, वेळेवर बंद, सगळ्यांची नावं माइकवर. एका लग्नात मी तेच गाणं झोकात वाजवलं, तर एक म्हातारी पुढे येऊन म्हणाली, "मास्तर, तो तारेले रडवनारा पोरगा कोठी गेला? आता हे गानं माह्यापाशी थांबतच नाई."

पुढच्याच रविवारी मी देवानंदच्या माळ्यावरून गिटार स्वतः उतरवली. तो नको नको म्हणत असताना त्याला डोंग्यात बसवून नदीपलीकडे नेलं.

गोमाजीबाबा ओसरीत खाटेवर होते. एक अंग लुळं पडलेलं, शब्द अडखळत यायचे. मी म्हटलं, "बाबा, याचं एकदा ऐका. मग मना करा." भोंगा नव्हता, वायर नव्हती. देवानंदने गिटार मांडीवर घेतली. यावेळी त्याने तार लावायला अर्धा मिनिटही घेतलं नाही. "घरी" वर तो त्याच्या त्या सुराशी पोचला, आणि बाबांचा चांगला हात खाटेवरून वर उठला.

"हा सूर कोनं देल्ला तुले?"

"माह्यी माय असंच म्हने, बाबा. वावरात तुमच्यापासूनच आयकलं होतं तिनं."

बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, "मी बी असाच म्हनो. मंग पेटीवाले आले. त्यायनं मले सुरात आनलं." मी पेटीवाला आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. देवानंदच्या गुडघ्यावर हात ठेवून ते म्हणाले, "म्हन बापा. जलमभर म्हन."

परतताना डोंगा नदीच्या मधे आला तेव्हा मला राहवेना. "देवानंद, बाबांना ती चिठ्ठी मी लिहिली होती."

"माईत हाये."

"बाबांनी दाखवली?"

"बाबाले कोठी वाचता येते, सर? पोष्टमन आला तवा मी तेथीच बसून होतो. मीच वाचून देल्ली."

एवढा मोठा कवी निरक्षर असेल हे माझ्या मास्तरी डोक्यात आलंच नव्हतं. बेसुरा, खुनी, नादान, काय काय लिहिलं होतं मी! ते सगळं याने आपल्या तोंडाने, आपल्या दैवतासमोर बसून वाचलं होतं.

"सगळी वाचलीस?"

"सगळी. पयल्याच पानावर तुमचं अक्षर वळखलं."

"अरे गाढवा, मग चार ओळी गाळायच्या होत्यास! कुणाला कळणार होतं? वर्ष गेलं तुझं!"

तो पाण्यात हात घालून बसला होता. "तुमी इतक्या मनापासून लिवलं होतं, सर," तो म्हणाला. "त्यातलं मी काऊन गाळू?"

त्याला उचलून पैनगंगेत फेकावं असं मला वाटलं. गिटार माझ्याच मांडीवर होती. ती भिजू नये म्हणून मी दोन्ही हातांनी घट्ट धरली, आणि काठ येईपर्यंत त्याच्याकडे बघितलं नाही.