इवानोवोचा फोन

आमच्या घरात माझं सगळं सगळ्यांना ठाऊक आहे. मला दोनदा दिवस गेले आणि दोन्हीदा मूल राहिलं नाही, ते ठाऊक आहे. नवऱ्याशी भांडून मी माहेरी कारंजाला जाऊन बसले होते, तेही ठाऊक आहे. हे एवढंच कुणाला ठाऊक नाही. देवापुढे बसते तेव्हासुद्धा मी हे वगळून बाकीचं बोलते. मग तुम्हाला का सांगते आहे? — तुम्ही आर्वीचे नाही, म्हणून असेल. आता धरवत नाही, म्हणूनही असेल.

माझा धाकटा दीर रशियात इंजिनिअरिंग शिकायला गेला, तेव्हा तो देश भक्कम होता म्हणे. तो परतला तेव्हा देश मोडला होता आणि दिराबरोबर लेना होती. उंच, गोरी, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. सासूबाईंनी दोन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं, तिसऱ्या दिवशी तिला भाकरी थापायला बसवलं. सहा महिन्यांत ती आमच्यासारखी बोलायला लागली. "काऊन ताई, भाजी खारट झाली का?" असं तिच्या तोंडून ऐकून दुकानात आलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. आमचं कापडाचं दुकान, दुकानामागेच घर.

लेना इवानोवो नावाच्या गावची. ते कापडगिरण्यांचं गाव आहे, तिची आई तिथे गिरणीत विणकर होती. हे कळल्यावर मला ती जवळची वाटली. आर्वीत कापसाचे ढीग, तिकडे कापडाचे गठ्ठे. पण देश तुटला तसा कापूस पिकवणारा मुलूखही तुटून वेगळा देश झाला. गिरणीला कापूस मिळेना. माग बंद पडले. पगाराच्या जागी बायकांना चादरी द्यायला लागले — हो, चादरी. लेनाची आई त्या हातावर टाकून स्टेशनवर उभी राहायची आणि थांबलेल्या गाडीच्या खिडकीखिडकीशी जायची. बँकेत जन्मभराचं साठवलेलं होतं, त्यात एक बुटांचा जोड आला नसता. लेना हे सांगायची तेव्हा रडायची नाही. हातातलं काम जोरात करायला लागायची, भांडी आपटायची.

आईला तिच्याशिवाय कोणी नव्हतं. घरच्या फोनवरून परदेशी लावता येत नसे, म्हणून लेना बस स्टँडजवळच्या बूथवरून फोन लावायची. कधी लागायचा, बहुतेकदा नाही. आई दरवेळी एकच शब्द म्हणायची — प्रियेझ्झाय. ये. लेनानेच मला त्याचा अर्थ सांगितला होता. मला असे थोडे शब्द येत होते. ती अनूला शिकवायची, तेव्हा अनू माझ्याच मांडीवर असायची ना.

अनू. आता तिच्यावर यायलाच हवं.

अनू लेनाची मुलगी. जन्मली आमच्याच घरात. लेनाला बाळंतपणानंतर ताप धरला, तेव्हा महिनाभर पोर माझ्या कुशीत होती आणि नंतर ती तिथून हललीच नाही. मला मोठी आई म्हणायची, जेवायची माझ्या हातून, झोपायची माझ्याजवळ. लेनानेही कधी ओढून घेतली नाही. उलट म्हणायची, "अनूले दोन माया हायेत, चांगलं हाय." इतकं मोठं मन तिचं. आणि माझं?

अनू चारेक वर्षांची असताना लेनाने जेवताना सांगितलं, "आईची तब्येत बरी नाई वाटत. मी अनूले घेऊन जातो. वर्षभर राहतो." दीर म्हणाला, जा. सासूबाईसुद्धा जा म्हणाल्या. माझा घास तसाच राहिला. वर्षभर? वर्षाने चार वर्षांची मुलगी मला ओळखणार होती का? आणि ती परत येईल कशावरून? शेजारणी पहिल्यापासून म्हणत होत्या, परदेशी बाई आज ना उद्या पळणार. लेनाचा पासपोर्ट ज्या देशाचा होता तो देशच उरला नव्हता, त्यामुळे कागद अडले होते. ते अडकलेलेच राहावेत असं मला वाटत होतं. हे नुसतं वाटणं होतं. तेवढ्यावर राहिलं असतं तर मी आज हे सांगत बसले नसते.

लेना आणि दीर त्याच कागदांसाठी नागपूरला गेले होते. दुपारची वेळ, नवरा दुकानात, सासूबाई झोपलेल्या. अनू अंगणात बाहुलीला आंघोळ घालत होती. फोन वाजला. आधी नुसती खरखर, मग एका बाईचा आवाज, खूप लांबून, "लेना? लेना?"

मी म्हटलं, लेना नाही. मग तिला कळावं म्हणून म्हटलं, "न्येत." ती भराभर बोलायला लागली. त्यातला एक शब्द मला कळला — बल्नीत्सा. अनूच्या चित्रांच्या पुस्तकात दवाखान्याच्या चित्राखाली लेनाने तोच शिकवला होता. ती धापा टाकत होती. मग सावकाश, एकेक शब्द तोडून, लहान मुलाला सांगावं तसं तिने सांगितलं. लेनाला सांग. प्रियेझ्झाय. आणि विचारल्यासारखा आवाज काढून थांबली. कळलं का?

मी म्हटलं, "दा. दा." हो, हो.

फोन कटला. अनू ओल्या हातांनी आत आली, कोण होतं विचारलं. मी म्हटलं, "कोणी नाई."

तेव्हाच — लक्षात येतंय ना? — तेव्हाच ठरलं होतं. संध्याकाळी लेना आली, चप्पल काढता काढता नेहमीसारखं विचारलं, "ताई, फोन आलता का?" मी चहा गाळत होते. "नाई आला," म्हटलं. चहाचा एक थेंबही सांडला नाही.

पुढे कितीतरी दिवस लेना बूथवर जाऊन फोन लावत राहिली. घंटी वाजायची, कोणी उचलायचं नाही. का उचलत नाही, हे आर्वीत फक्त मला माहीत होतं. ती परत येऊन पायरीवर बसायची. मी तिला जेवायला वाढायची. रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. मग अनू उठून गळ्यात पडायची.

महिना उलटून गेल्यावर इवानोवोहून, आईच्या शेजारच्या गाल्या नावाच्या बाईची तार आली. आईला पुरूनही झालं होतं. लेना गेली असती तरी वेळेत पोचली नसती, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला बजावत आले. खोटं आहे. कागद आले होते त्याआधी. पोचली असती.

लेना रडली नाही. चुलीजवळ बसून म्हणाली, "मले एकदा बोलवाचं तं होतं तिनं. रागावली होती माह्यावर, मी इकडं आलो म्हणून." मी तिच्या केसांवरून हात फिरवला. हो, फिरवला. आणि ती वर्षभरासाठी कुठे गेली नाही. अनू आर्वीच्याच शाळेत गेली, माझ्या हातचा डबा घेऊन.

आईबद्दल लेना कमी बोलायला लागली. अनूने आजीचं विचारलं की विषय बदलायची. तो राग तिने किती वर्षं बाळगला — जो नव्हताच.

अनू कॉलेजात गेल्यावर त्या दोघी इवानोवोला जाऊन आल्या. परत आल्यावर लेना माझ्यासमोर तुरीच्या शेंगा सोलायला बसली. सांगत होती, गिरणीत आता चकचकीत बाजार भरतो, आईच्या मागाच्या जागी पर्सा विकतात, गावात नव्या मोटारी आहेत आणि म्हातारी माणसं बाजाराच्या दाराशी मोजे विकतात. गाल्या अजून जिवंत होती.

"ताई," ती म्हणाली, "आईनं फोन केलता. दवाखान्यातून. लागला होता म्हणते गाल्या. एक बाई दा, दा म्हनली. आई खुश होऊन झोपली. मग रोज दाराकडं पाहत राह्यली."

मी म्हटलं, "राँग नंबर लागला असन."

लेनाचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, नुसतं पाहिलं. मग म्हणाली, "रागावली नव्हती, ताई, आई माह्यावर." आणि पुन्हा सोलायला लागली.

तिला कळलं का? मला माहीत नाही. तेव्हापासून त्या विषयावर ती एक अक्षर बोललेली नाही. अजून मला ताईच म्हणते. माझ्या गुडघ्यांना तेल लावून देते. अनू पिपरी मेघेला राहते, दर रविवारी येते आणि आधी माझ्याकडे येते, मग लेनाकडे. मी तिला लगेच तिच्या आईकडे पाठवत नाही. आधी माझ्याजवळ बसवून घेते.