तुमच्या आईची कॅसेट

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या आईला तर नाहीच — आणि खरं तर तिलाच सांगायला हवं होतं.

देवळीत आपल्याकडे लोक इंग्रजी कागद घेऊन येत. कोर्टाची नोटीस, औषधाची चिठ्ठी, कुणाच्या मुलाचं नोकरीचं पत्र. "बाईले दाखवा," म्हणत. मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली. चष्मा पुसायचा, कागद सरळ करायचा, अर्थ सांगायचा. कधी अडले नाही. किती मिरवलं मी ते — मनातल्या मनात!

त्र्याण्णव साल असेल. मंजू, म्हणजे तुमची आई, अकरावीत होती. रोज एसटीनं वर्ध्याला जायची. मैत्रिणीकडून तिनं एक कॅसेट आणली. अमेरिकेतला कोणी तरुण. गात नव्हता, बोलत होता — भराभर, ठेक्यावर. त्यातलं एकच गाणं ती मागे नेऊन नेऊन ऐके. एका दुपारी मी भाजी निवडत होते, तर टेपरेकॉर्डरच आणून माझ्यापुढे ठेवला.

"आई, तुले त येते इंग्रजी. काय म्हणून राह्यला हा, सांग ना."

मी ऐकलं. पुन्हा ऐकलं. मला — कसं लिहू? — एक वाक्य धड कळलं नाही. 'नाही कळत' म्हणायला असा किती वेळ लागतो?

"शिव्या हायेत नुसत्या," मी म्हणाले. "असलं घाणेरडं काऊन ऐकून राह्यली तू?"

"पण आवाज त रडल्यासारखा वाटते त्याचा."

"आता तू मले इंग्रजी शिकवतं काय?"

तिचं तोंड उतरलं. कॅसेट मी काढून घेतली आणि फेकली म्हणून सांगितलं. फेकली नव्हती. त्यानंतर तिनं मला कधी काही ऐकवलं नाही.

तिचं लग्न झाल्यावर ती कॅसेट मी बाहेर काढली. मुलांना शुद्धलेखन घालतात तसं स्वतःला घातलं — एक ओळ ऐकायची, थांबवायचं, लिहायचं. न कळेल तिथे रेघ. तीन आठवडे लागले. शिव्या निघाल्या दोन. बाकी सगळं एका पोराचं स्वतःशी बोलणं — मी घाबरतो, आणि घाबरत नाही असं सांगत फिरतो, हे कोणासाठी? मंजूला हे शब्द न कळता कळलं होतं. आणि मी, पदवीवाली? चीड येते. अजून येते. तरी ते गाणं मी ऐकतेच. वीस वर्षं झाली, जुनं होत नाही.

गेल्या रविवारी फोनवर तुमच्या घरात तेच वाजत होतं. तुम्ही लावलं होतं ना? मी लगेच ओळखलं. तुमची आई ओरडली, "बंद करा ते, आजी ऐकून राह्यली!" गाणं थांबलं. मग हळूच मला म्हणाली, "सॉरी आई."

सांगायची वेळ तीच होती.

मी म्हणाले, "बरं केलं."